काजूच्या बागेत गरुडाचं घर

प्रश्न : काजूची नवी लागवड करतोय. हद्दीवर बेहड्याचं जुनं, पोकळ झाड आहे. तोडू का? (दोडामार्ग)

तोडू नका, कळकळीनं सांगतो. कोकणात बरेच जण ज्याला गरुड म्हणतात त्या धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाची जाड फांदी मोडते, तिथं कुजून पोकळी होते, तेच त्याचं घर. पसंत पडलं की जोडी वर्षानुवर्षं तिथंच येते. मादी आत शिरून विष्ठा-मातीनं दार लिंपते, चोचीपुरती फट ठेवते. नर तिथून वडा-उंबराची फळं भरवतो. ज्याची बी आपल्याला विषारी, त्या काजऱ्याचं फळही कवड्या धनेश (धनेशाचीच एक जात) आवडीनं खातो. काजूची कलमं कितीही वाढली तरी अशी ढोली देणार नाहीत. उन्हाळ्यात बुंध्याशी फळांच्या बियांचा ढीग दिसला, तर घरटं चालू आहे असं समजा आणि तिकडची साफसफाई पावसापर्यंत थांबवा. बांधावरचे वड, उंबरही राखा.

प्रश्न : देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतली वाळलेली झाडं विकावीत का?

नको. वाळलेल्या खोडातच घुबडं, पोपट राहतात. पैसा दुसरीकडून उभा करा.

प्रश्न : आमचा सडा (कातळाचं पठार) पडीक आहे. सुरुंग लावून, माती भरून हापूस लावावा का? (राजापूर)

सातबारावर पडीक असेल, पण पहिल्या पावसानंतर एकदा चालून बघा. सुट्या दगडांखाली देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर), विंचू, साप सापडतील. कातळावरच्या जिवांचंच उदाहरण घ्या : आंबोली भेकाची (बेडकाच्या एका जातीची) ओळख जगाला 2009 मध्ये झाली. तो कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. माती भरली की डबकी संपतात. कलमं लावायचीच तर जिथं मुळात माती आहे तिथं लावा, कातळ फोडू नका.

प्रश्न : वाडीत बिबट्या कुत्री नेतो. पकडून दूर जंगलात का सोडत नाहीत?

जुन्नरला 2001 नंतर पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, रिकाम्या जागेत दुसरा येतो. अकोले तालुक्यात, जंगल नसलेल्या ऊसपट्ट्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांना 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. शेजारी माणसांची दाट वस्ती होती. तेव्हा शेळ्यांचा गोठा वरून-बाजूनं पक्का बंद करा, कुत्रं रात्री आत घ्या, कोंबडीची घाण वाडीजवळ टाकू नका. अंधार पडल्यावर लहान मुलांना परसात एकटं सोडू नका.