आधी उधारी फेड

नवा बाप्तिस्मा झालाय, बायबलची वचनं पाठ करणं चालू आहे, पण राग जात नाही; बदलाची सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. बाप्तिस्मा झाल्यावर मीही आधी पाठांतराच्याच मागे लागलो होतो. वचनं तोंडपाठ, घरात मात्र तोच चढा आवाज! शेवटी बायकोनेच सुनावलं. म्हणून सांगतो, सुरुवात जक्कयापासून कर, येशूला भेटलेल्या त्या श्रीमंत जकातदारापासून. बायबलात लूक 19 मध्ये तो नुसता हळहळत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो, लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो. तुझ्याकडे कुणाचे पैसे अडकलेत? कुणाशी अबोला आहे? मत्तय 5:23-24 वाच: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी भावाशी समेट कर. जड जातं हे. समोरचा दारातूनच हाकलेल कदाचित. तरी जा. आणि हो, माफी मागताना ‘पण’ हा शब्द तेवढा टाळ. रागाचं म्हणशील, तर माझाही अजून पुरता गेलेला नाही.