वुडकटला 'काष्ठशिल्प' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या 'चार घोडेस्वार' या चित्राला एका लेखात 'काष्ठशिल्प' म्हटलं आहे, ते बरोबर आहे का? आणि नसेल, तर मराठीत काय म्हणायचं?

बरोबर नाही. काष्ठशिल्प म्हटलं की लाकडात घडवलेली मूर्ती डोळ्यांसमोर येते, आणि हे तर वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावरून कागदावर शाईने छापलेलं चित्र आहे. बायबलातल्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकावरची १५ चित्रं ड्यूररने १४९८ साली न्यूरेंबर्गहून पुस्तकरूपात काढली, त्यातलं हे सगळ्यात गाजलेलं.

'कोरीव चित्र' हा शब्दही मला इथे खटकतो. आपण भांड्यावर नाव कोरतो तेव्हा कोरलेली रेघ हीच अक्षर असते. तांब्याच्या पत्र्यावरच्या चित्रांचं तसंच: शाई खाचेत भरते आणि खाचच कागदावर उमटते. वुडकटमध्ये याच्या नेमकं उलट. रेघ राखायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. उंच राहिलेल्या भागालाच शाई लागते. या चित्रात घोड्यांच्या मागे आडव्या रेघांचं दाट आकाश आहे. त्यातली एकही रेघ कोरलेली नाही; मधल्या पांढऱ्या फटी कोरल्या आहेत! धनुष्य, तलवार आणि तराजू घेतलेले तिघे, खाली मरतुकड्या घोड्यावरचा मृत्यू, सगळे डावीकडून उजवीकडे दौडत आहेत. छापताना चित्र उलटतं, म्हणून लाकडावर मात्र ते उजवीकडून डावीकडे निघालेले असणार, आणि खालची ड्यूररची ए-डी ही आद्याक्षरांची सहीसुद्धा तिथे उलटी.

म्हणून मला 'ठसा' हा शब्द हवा. कापड छापणाऱ्यांचा लाकडी ठसा याच रीतीने चालतो. शिवाय मराठीत ज्याने उमटवायचं तोही ठसा आणि जे उमटतं तोही ठसाच, जसा बोटाचा ठसा. 'काष्ठठसा' असं कुणी सुचवेल, पण ष्ठ आणि ठ लागोपाठ आले की जीभ अडते. लाकूडतोड्या, लाकूडफाटा यांच्या चालीवर 'लाकूडठसा' सहज म्हणता येतो. नुसतं 'ठसा' म्हणून घोटाळा होत असेल तिथे कागदावरच्या चित्राला 'लाकूडठसा-चित्र' म्हणावं. 'वुडकट' लिहिलं तरी माझी हरकत नाही, तो शब्द रुळला आहे. 'काष्ठशिल्प' मात्र वाचणाऱ्याला भलतीकडेच नेतं.

एक जोड: अशा चित्राच्या कागदाला 'प्रत' म्हटलं की ती नक्कल वाटते. तिथे 'छाप' म्हणावं. 'चार घोडेस्वार'ची एक छाप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, आणि दोन्ही अस्सल आहेत.