सील केलेली पिशवी दोन दिवसांत सैल का पडते?

व्हॅक्यूम सीलर मशीनने आतली हवा काढून, म्हणजे निर्वात करून, सील केलेली खाद्यपदार्थाची पिशवी नुसती सैल पडलीय की टम्म फुगलीय, हे आधी बघा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

सैल पडली म्हणजे कुठूनतरी हवा आत जातेय. पिशवी पाण्यात बुडवून हलकेच दाबा. बुडबुडे येतील तिथे गळती. बहुतेक वेळा ती सीलच्या रेषेवरच सापडते, कारण भरताना तिथे तेलाचा किंवा रसाचा ओघळ लागलेला असतो आणि प्लास्टिक नीट वितळून चिकटत नाही. म्हणून भरण्याआधी पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला पाच सेंटिमीटर दुमडा, भरून झालं की सरळ करून कोरडं पुसा. पदार्थाच्या वर सात-आठ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. रस्सा किंवा सूप असेल तर आधी डब्यात गोठवा आणि तो गोळा पिशवीत घाला, नाहीतर मशीन हवेबरोबर रसही ओढतं. हाडाचं टोक पिशवीला भोक पाडतं. त्यावर जाड कागदाची घडी ठेवा. ओलसर पदार्थांना पहिल्या सीलच्या बाहेर अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरं सील मारावं. गरम पदार्थ कधीच सील करू नका, वाफेमुळे निर्वात होतच नाही.

आता फुगलेली पिशवी. कच्चा कोबी, फुलकोबी, ब्रोकोली असेल तर भाजीच वायू सोडते. दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, पूर्ण कोरडी करून सील आणि थेट फ्रीझर. शिजवलेल्या पदार्थाची पिशवी फुगली असेल तर मात्र चव न बघता टाकून द्या.

सील केलंय म्हणून फ्रिजबाहेर ठेवलं तर चालेल का? कोरडे जिन्नस सोडले तर नाही. बुरशीला हवा लागते, बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवा नसलेलीच मानवते, आणि त्याचं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. त्याचे काही प्रकार ३ अंशांवरही वाढतात, म्हणजे फ्रिजही पूर्ण भरवशाचा नाही. कच्चा लसूण, ताजे मशरूम आणि मऊ चीज तर मी निर्वात करायला सांगणारच नाही. गोठवलेले मासे वितळवताना पिशवी आधी कापून उघडा, मगच फ्रिजमध्ये ठेवा.

सगळं नीट करूनही सील कच्चं राहत असेल तर मशीनच्या तापणाऱ्या तारेवरची टेफ्लॉन (न चिकटणारी) पट्टी जळलीय का आणि झाकणाचं रबर दबलंय का, ते तपासा. लागोपाठ पिशव्या करताना मध्ये मिनिटभर मशीन थांबवा. पट्टी फार तापली की प्लास्टिक वितळून सीललाच भोक पडतं.