अमरावतीत खोली बघताना आधी गावची एसटी कुठून जाते ते बघा

तुमचा प्रश्न असा, की दर्यापूर तालुक्यातल्या गावातून बायको-पोरांना अमरावतीत ठेवायचं आहे, पोरगा अकरावीला, तुम्ही शेती सांभाळून येऊन-जाऊन राहणार. तर साईनगर, गाडगेनगर, शेगाव नाका, दस्तुरनगर यांपैकी खोली कुठं बघावी.

वलगाव रोडच्या बाजूला बघा. तुमच्या यादीत ते नावच नाही, म्हणून लिहायला बसलो.

मीही दर्यापूरकडचाच. २०१४ ला हेच केलं आणि पहिल्या फटक्यात फसलो, कारण साडभावाचं ऐकलं. साडभाऊ नोकरीवाले, साईनगरात स्वतःचं घर. "खोली नाही पाहायची भाऊ, वस्ती पाहायची. पोरांवर संस्कार वस्तीचे होतात." त्यांच्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, भाडं साडेचार हजार. वस्ती चांगलीच होती, त्यात वाद नाही. पण साईनगर बडनेऱ्याकडं, शहराच्या दुसऱ्या बाजूला, आणि आमची एसटी येते वलगावकडून. म्हणजे स्टँडवर उतरा, सामानासकट ऑटो करा, मग जिना चढा.

संक्रांतीनंतरची गोष्ट. ज्वारीचा कट्टा म्हणजे पोतं, तुरीची डाळ आणि आईनं दिलेला मुगवड्यांचा डबा घेऊन निघालो होतो. ऑटोवाल्यानं कट्ट्याचे वेगळे पैसे घेतले, ते दिले. पहिल्या मजल्याच्या वळणावर कट्टा कठड्याच्या खिळ्याला अडकला आणि टर्रकन फाटला. ज्वारी पायरीपायरीनं खाली गेली. थेट घरमालकाच्या उंबरठ्यापर्यंत, त्यांच्या चपलांत, तुळशीच्या कुंडीमागं. मी वाकून सुपानं भरतोय, बायको वरून झाडू घेऊन येतेय, तेवढ्यात मालक बाहेर आले. "हे काय खळं आहे का?" म्हणाले. तेही मी गिळलं असतं. पण आवाज ऐकून साडभाऊ आले आणि माझ्याकडं न बघता मालकांना म्हणाले, "जाऊ द्या साहेब, गावाकडचे आहेत, सांभाळून घ्या."

ते स्वतः कुठले, तर आमच्या गावापासून चार कोसावरचे. त्यांच्या घरची तूर अजून आमच्याच शेतातून जाते.

उन्हाळ्यात उरलेलं कळलं. वर उघडी गच्ची, पश्चिमेची भिंत पूर्ण उन्हात. मे महिन्यात अमरावती ४४-४५ ला जाते, तेव्हा ती भिंत रात्री अकरालाही तव्यासारखी. कूलर लावला तर मालक म्हणे, टाकीचं पाणी कूलरला नाही.

जूनमध्ये वलगाव रोडला आलो. साडभाऊ म्हणाले, "तिकडं कायले? ते वस्ती तशी आहे." इतकी वर्षं राहिलो, तशी म्हणजे कशी ते समजलं नाही. समजलं ते एवढंच, की सकाळच्या गाडीत आई डबा कंडक्टरजवळ द्यायची आणि पोरगा नाक्यावर उभा राहून घ्यायचा. बाबा एकटे यायला लागले. पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिऊन विचारलं, "पाणी कुठलं हे?" जीवन प्राधिकरणाचा नळ, अप्पर वर्धा धरणाचं पाणी. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात दूध फाटतं नि डाळ शिजता शिजत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बाबांनी त्या दिवशी तीनदा चहा घेतला.

म्हणून माझं मत: ज्यांचं एक पाऊल गावात आहे त्यांनी गावाकडचाच नाका धरावा. मोर्शी-वरूडवाल्यांनी शेगाव नाका, रहाटगाव. चांदूर रेल्वेवाल्यांनी दस्तुरनगर. बाकी वस्ती-बिस्ती गाव कायमचं सुटलेल्या लोकांनी पाहावी.

आता राहिलेलं. खोली बघायला दुपारी तीनला जा, सकाळी नाही. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. कूलरची खिडकी आणि कूलरचं पाणी दोन्ही आधीच बोलून घ्या. नवीन लेआउटमध्ये नळ आहे की नुसती बोअर, ते साबणानं हात धुऊन बघा, फेस आला नाही की समजा. मीटर स्वतंत्र पाहिजे. तीन बिऱ्हाडं एका मीटरवर असली की सगळ्यांची युनिटं एकत्र धरली जातात, शंभराच्या आतला स्वस्त दर तिघांत मिळून एकदाच मिळतो. आणि अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात, हे मालकांना माहीत नसतं, गोडीत सांगा.

पोराची शिकवणी राजापेठकडं असेल तर मात्र माझं ऐकण्याआधी विचार करा, रोज शहर ओलांडून जाणं आहे. माझ्या पोराचा वर्ग जवळच होता आणि त्याच्याकडं सायकल होती. मुलगी असती तर संध्याकाळी सातला रस्ता कसा असतो ते मी आधी पाहिलं असतं, हेही खरं.

साडभाऊ आता रिटायर झाले. मागच्या दिवाळीत गावाहून परत निघाले तर दोन पिशव्या घेऊन माझ्याच नाक्यावर उतरले, म्हणे पुढं स्टँडवर गर्दी असते. चहा पाजला. कट्ट्याचा विषय मी काढला नाही, बायकोनं काढला.

आणि हो, ज्वारी आणाल तेव्हा प्लास्टिकचा कट्टा नका आणू. बारदाना आणा.