कोड लिहायचा की माणसे सांभाळायची?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला असून गेली सात वर्षे हिंजवडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीची देखभाल आमची टीम करते. पगार चांगला आहे, गावाकडचे घर त्यातूनच बांधून झाले; पण स्वतः काही नवे घडवल्याचे समाधान नाही. आता मला मॅनेजरपद देऊ केले आहे. ते घेतले तर कोड लिहिणे सुटेल, नाकारले तर मागे पडेन असे वाटते. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : देखभालीचे काम कमी प्रतीचे असते, हा समज मला मान्य नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवल्यामुळे २००० साल उजाडताच तारखांचे हिशेब चुकणार होते, आणि ती दुरुस्ती करून देतानाच अनेक भारतीय कंपन्यांनी परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवला. १९५९ साली आकार घेऊ लागलेली कोबोल ही भाषा आजही कितीतरी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळते. आपल्या जन्माआधी कोणी लिहिलेला कोड वाचून, त्यामागचा हेतू ओळखून, चालू व्यवहाराला धक्का न लावता तो बदलणे हे कसब कोऱ्या प्रकल्पात सहसा अंगी येत नाही.

तरीही तुमची खंत खरी आहे. अशा कामात काय बनवायचे हे ग्राहक ठरवतो आणि घड्याळही त्याचेच चालते. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० झालेले असतात, म्हणजे घरी जेवायला बसण्याची वेळ कॉलवर जाते. एकाच ग्राहकाच्या एकाच प्रणालीत दहा वर्षे गेली, की त्या ज्ञानाला बाहेर फारशी किंमत उरत नाही, आणि ठरावीक साच्याचा कोड तर आता एआयची साधनेही लिहून देतात.

राहिला मॅनेजरपदाचा प्रश्न. अप्रेझल, रजा, एस्टिमेट आणि ग्राहकाची नाराजी यांतच ज्याचा दिवस जातो, तो पेशाच निराळा आहे. ज्यांना माणसे घडवण्यात आनंद वाटतो त्यांनी तो जरूर पत्करावा. मी स्वतः चार वर्षे ते पद सांभाळून पुन्हा कोडकडे वळलो, तेव्हा मधल्या काळात बदललेली साधने शिकण्यात जवळजवळ वर्ष गेले आणि माझ्याहून बऱ्याच लहान मुलांकडून धडे घ्यावे लागले. त्या वर्षाचे मला कधीही वाईट वाटले नाही, कारण अडलेला प्रोग्रॅम रात्री उशिरा एकदाचा चालू लागतो त्या क्षणाचा आनंद मला दुसऱ्या कशातच मिळाला नाही. तुमच्या पत्रावरून तुमचा ओढाही तिकडेच दिसतो.

म्हणून होकार देण्याआधी, मॅनेजर न होता आर्किटेक्ट (म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा) किंवा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून वरच्या श्रेणीत जाता येते का, हे एचआरला लेखी विचारा. रोज तासभर तरी ऑफिसबाहेरचा कोड लिहा. ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा एखाद्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पाला लहानशी दुरुस्ती पाठवलीत, तर परक्या देशातले जाणकारही ती तपासून चुका दाखवतात, आणि त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. कंपनीत तांत्रिक वाट नसेल, तर नोकरी बदलण्याची तयारी आताच सुरू करा, कारण अनेक ठिकाणी नोटीस पिरियडच ९० दिवसांचा असतो.