वाचक विचारतात : 'सर्व हक्क मूळ लेखकाकडे' लिहिलं की झालं ना?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी रिटायर्ड शिक्षिका. आवाज बरा आहे म्हणून मुलाने यूट्यूब चॅनेल काढून दिलं, त्यावर मी मराठी कथा वाचते. लेखकाचं नाव आधी घेते, खाली डिस्क्रिप्शनमध्ये 'सर्व हक्क मूळ लेखकाकडे' असं टाकते, पैसे तर एक रुपया मिळत नाही. तरी प्रकाशकाने तक्रार केली आणि व्हिडिओ उडाला, वर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद. अहो, पुस्तक मी विकत घेतलेलं आहे! आता चॅनेल बंद होणार का? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, एका स्ट्राइकने चॅनेल बंद होत नाही, 90 दिवसांत तीन आले तर होऊ शकतं. यूट्यूब 'कॉपीराइट स्कूल' नावाचा छोटासा धडा करायला लावतं, तो केलात की 90 दिवसांनी स्ट्राइक निघून जातो. (शिक्षिकेला धडा, पण इलाज नाही.) पण बाकीच्या कथा आजच प्रायव्हेट करा, कारण दुसरी तक्रार कधी येईल सांगता येत नाही.

आता ते डिस्क्रिप्शनमधलं वाक्य. हक्क लेखकाचे आहेत हे तुम्हीच लिहून देताय, मग त्यांना विचारलं का नाही असं समोरचा म्हणणारच ना! नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. पुस्तक घेतलंत म्हणजे ती प्रत तुमची झाली, वाचा, मैत्रिणीला द्या, रद्दीत घाला, पण त्यातली कथा रेकॉर्ड करून जगाला ऐकवायचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाकडे ठेवलाय, किंवा त्याने लिहून दिला असेल तर प्रकाशकाकडे. पैसे मिळत नाहीत एवढ्यावर सुटका होत नाही. सूट आहे ती खाजगी वापराला, समीक्षेला, म्हणजे कथेबद्दल बोलता बोलता चार ओळी वाचल्यात तर कोणी काही म्हणू नये, अख्खी कथा त्यात बसवणं मात्र अवघड.

मग वाचायचं काय? लेखक गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, आणि ती मोजायची पुढच्या 1 जानेवारीपासून. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन खुलं, बिनधास्त वाचा. कुसुमाग्रज गेले 1999 ला, तिथे 2059 संपेपर्यंत थांबा (27 फेब्रुवारीला अख्ख्या कविता ग्रुपवर फिरतात त्यांचं काय, ते विचारू नका). अनुवाद असेल तर जास्त जपून, टागोरांचं मूळ लेखन खुलं आहे पण मराठी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, तो हयात असेल तर त्याला विचारायलाच हवं.

ज्या प्रकाशकाने तक्रार केली त्यालाच मेल टाका. कुठली कथा, चॅनेलची लिंक, जाहिराती लावणार की नाही, सगळं सरळ लिहा, तक्रार मागे घ्याल का तेही विचारा, त्याने घेतली तर स्ट्राइक जातो. हो म्हणाले तर लेखी घ्या, फोनवरचं 'वाचा की ताई' नंतर कोणाला आठवत नाही. आणि 'काउंटर नोटिफिकेशन ठोका', म्हणजे तक्रारीवर हरकत घेणारा अर्ज यूट्यूबला द्या, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते चुकून उडालेल्या व्हिडिओसाठी असतं, तुमचा चुकून उडालेला नाही.

प्रश्न : लग्नाचे फोटो काढून घेतले, पूर्ण पैसे दिले, आता फोटोग्राफर म्हणतो कॉपीराइट माझा, इन्स्टावर टाकताना माझा लोगो पाहिजेच. खरं का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लेखी करारात तसं काही नसेल तर उलटं आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा, असं कायद्याच्या कलम 17 मध्येच आहे. बुकिंगच्या वेळी सही केलेला कागद मात्र शोधून नीट वाचा, बारीक अक्षरात बरंच काही असतं. बाकी त्याने काम छान केलं असेल तर टॅग करा की, त्याला चार ऑर्डरी मिळतील.