कौटुंबिक ट्रस्टमधून जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांना अनुदान द्यायची पद्धत कशी बसवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या नावाचा सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट आहे, ठेवींच्या व्याजातून वर्षाला २० लाखांच्या आसपास येतात, आजवर ओळखीने देणग्या दिल्या. आता बीड जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांना नियमित अनुदान द्यायचंय, तर अर्ज, तपासणी, हप्ते हे सगळं कसं ठरवायचं?

आधी आयकराचा हिशेब बघू, कारण कौटुंबिक ट्रस्ट बहुतेक तिथेच अडकतात. करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्देशांवर खर्च व्हावी लागते, म्हणजे तुमच्याबाबतीत १७ लाख. २०२३ च्या वित्त कायद्याने यात मोठा बदल केला. एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला देणगी दिली तर तिचे ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. १० लाख दिले तर साडेआठ लाख मोजले जातात. म्हणून फक्त अनुदानं देणाऱ्या ट्रस्टला १७ लाखांचा आकडा गाठायला पूर्ण २० लाख द्यावे लागतात. समोरच्या संस्थेच्या कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी, दिलेली देणगी तर अजिबात मोजली जात नाही. पावतीवर किंवा पत्रात चुकून ‘कॉर्पस’ लिहिलं गेलं तरी अडचण होते.

तुमच्या रकमेची वाटणी मी अशी सुचवेन. पाच संस्थांना प्रत्येकी ३ लाख, म्हणजे १५ लाख. अचानक येणाऱ्या छोट्या गरजांसाठी ३ लाख. भेटींचा प्रवास, ऑडिट आणि अर्धवेळ माणसाचं मानधन यांसाठी २ लाख. १८ लाखांचे ८५ टक्के १५ लाख ३० हजार होतात, त्यात स्वतःचा खर्च २ लाख पूर्ण मोजला जातो, एकूण १७ लाख ३० हजार. ३० हजारांची सवड उरते. ती कमी वाटत असेल तर छोट्या गरजांचे ३ लाख दुसऱ्या संस्थेला न देता ट्रस्टनेच थेट खर्च करावेत. गावातल्या अभ्यासिकेला पुस्तकं हवी असतील तर दुकानदाराचं बिल ट्रस्टच्या नावाने घ्या आणि पैसे थेट दुकानदाराला द्या. हा खर्च शंभर टक्के मोजला जातो, फक्त तो ट्रस्टडीडमधल्या, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तातल्या, उद्देशांत बसला पाहिजे. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाला किंवा महिलांच्या गटाला मदत करायचा सरळ मार्गही हाच आहे.

रक्कम उरली तर पुढच्या पाच वर्षांसाठी ठराविक कारणाने बाजूला ठेवता येते. त्यासाठी विवरणपत्राच्या आधी वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. पण अशी साठवलेली रक्कम नंतर दुसऱ्या ट्रस्टला देता येत नाही, दिली तर ती उत्पन्न धरली जाते. ‘या वर्षी साठवू, पुढच्या वर्षी एका संस्थेला मोठी रक्कम देऊ’ हा बेत यामुळे चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, ते तुमच्या सीएकडून घ्या.

आता कागद. इतके पुरेत: धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद), आयकराची बारा-ए म्हणजे करसवलतीची नोंदणी, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, संस्थेच्या नावाचा रद्द केलेला चेक आणि अनुदान मागण्याचा ठराव. ऐंशी-जी ही दुसरी आयकर नोंदणी सगळेच मागतात, पण स्वतःची करवजावट घेणाऱ्या देणगीदाराला ती लागते. तुमच्या ट्रस्टला बारा-ए महत्त्वाची. कंपन्यांच्या सीएसआरसाठीची (सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठीची) नोंदणी तर तुम्हाला लागतच नाही, ती मागून कुणाची धावपळ करू नका. बारा-एची मुदत मात्र नीट वाचा. २०२१ च्या फेरनोंदणीतली बरीच प्रमाणपत्रं ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती, तेव्हा नूतनीकरणाचा आदेश मागून घ्या.

परिशिष्ट १ वर बहुतेक ठिकाणी गोंधळ सापडेल. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. छोट्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात आणि उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं दिसतात. एवढ्यावरून संस्था नाकारू नका. अर्ज दाखल केल्याची पोच बघा, बँकेत सह्या कुणाच्या चालतात ते बघा आणि ती माणसं ठरावात आहेत का ते ताडून पाहा. दोन गटांचे दोन वेगवेगळे बदल अर्ज दाखल असतील तर मात्र थांबा. तो वाद मिटेपर्यंत पैसे देऊ नयेत.

हिशेबात ‘विश्वस्तांकडून उसनवार’ अशी ओळ दिसली की लोक दचकतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की सरकारी किंवा कंपनीचं अनुदान उशिरा आलं आणि कुणीतरी पदरचे पैसे घालून पगार केले. काळजी करायची ती उलट नोंदीची, म्हणजे विश्वस्तांना दिलेल्या आगाऊ रकमांची. ३१ मार्चची रोख हातशिल्लक मोठी असेल तर तीही विचारा. एका माणसाला एका दिवशी १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च त्यांच्याही आयकरात धरला जात नाही, हे अनेक संस्थांना सांगावं लागतं.

अर्ज दोन पानांचा, मराठीत, हाताने लिहिलेलाही चालेल असा ठेवा. काम काय, कुठल्या गावांत, पगारावर किती माणसं, गेल्या वर्षी पैसे कुठून आले, हे पैसे कशाला जातील आणि कुठल्या महिन्यात हवेत. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

अंदाजपत्रकात ‘प्रशासकीय खर्च चालणार नाही’ अशी अट कृपा करून घालू नका. ३ लाखांत दोन बालवाड्या चालवायच्या तर हिशेब साधारण असा बसतो: दोन ताईंचं मानधन महिना ८ हजारांप्रमाणे १ लाख ९२ हजार, पर्यवेक्षकाचं पेट्रोल ३० हजार, साहित्य २४ हजार, भाडं आणि लाइटबिल २४ हजार, हिशेबनीस आणि ऑडिटचा वाटा १८ हजार, किरकोळ १२ हजार. भाडं, हिशेबनीस आणि पेट्रोल काढून टाकलं तर बालवाडी स्वस्त होत नाही. तो भार कुणाच्या तरी मानधनातून निघतो, आणि बहुतेक वेळा ताईंच्याच. तेव्हा हे सगळं अंदाजपत्रकात उघड लिहू द्या.

हप्ते दोन करा: सुरुवातीला ६० टक्के, सहा महिन्यांनी ४० टक्के. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्या हप्त्यासाठी सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, मागणं. जूनमध्ये पहिला हप्ता दिला तर दुसरा डिसेंबरचा. तोवर छोट्या संस्थेच्या सीएकडून मधल्या काळाचा कागद सहज मिळत नाही, वेगळी फी लागते, आणि मानधन अडकतं. त्याऐवजी सचिव आणि खजिनदार यांच्या सहीचं खर्चपत्रक आणि बँकेचा उतारा घ्या. सीएचा कागद वर्षातून एकदा, ऑडिटसोबत. पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर, अध्यक्षांच्या खात्यावर कधीही नाही. आणि ३१ मार्चपूर्वी रक्कम प्रत्यक्ष जायला हवी, नुसता मंजुरीचा ठराव त्या वर्षात मोजला जात नाही.

भेट कार्यक्रमाच्या दिवशी ठरवू नका, रोजच्या कामाच्या दिवशी जा. सत्कार नको, जेवण नको, हे फोनवरच सांगा, नाहीतर शाल-श्रीफळाचा खर्चही संस्थेच्या डोक्यावर बसतो. हजेरीपट, कीर्द आणि चार-पाच व्हाउचर बघा. अध्यक्षांइतकाच वेळ रोज काम करणाऱ्या ताईंशी बोला, आणि मानधन कितव्या तारखेला मिळतं ते नक्की विचारा.

घरच्या दोन गोष्टी. कुठल्याही विश्वस्ताच्या जवळच्या नातलगाला ज्या संस्थेतून पगार मिळतो, तिला अनुदान देऊ नका. काम कितीही चांगलं असलं तरी करसवलत धोक्यात येऊ शकते. दुसरं, परदेशातला भाऊ-बहीण पैसे पाठवणार असेल तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

अनुदान एका वर्षाचं न ठेवता तीन वर्षांचं ठेवा. पत्रात एवढंच लिहा की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची रक्कम ट्रस्टच्या व्याज-उत्पन्नावर अवलंबून राहील. थांबायचं असेल तर बारा महिने आधी कळवा. नकार महिन्याच्या आत, फोन करून, कारणासह द्या.

वेळापत्रक मार्चच्या घाईवर नको, जिल्ह्यातल्या कामावर बेता. शाळेशी जोडलेल्या कामाला पैसे जूनच्या आधी हवेत. पाणलोटाची कामं पावसाआधी उरकावी लागतात, त्यांना जानेवारीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी कुणी हंगामी वसतिगृह चालवत असेल तर ते जानेवारीत जाऊन बघा, ऑगस्टात तिथे बघायला काही नसतं. पुढच्या हंगामाचा ठराव ऑगस्टच्या बैठकीत करा आणि पहिला हप्ता दसऱ्याआधी खात्यावर जाऊ द्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तोवर धान्य भरलेलं नसेल आणि स्वयंपाकीण ठरलेली नसेल, तर आईवडील मुलांना सोबत फडावर घेऊन जातात आणि त्यांची शाळा थेट पुढच्या जूनपर्यंत सुटते.